मोकळी गिरणी

"आये, सायबानं विचारलं की म्हनायचं, घर माझं हाय, गिरणी माझी हाय, आन् सून मला घरात नको!"

उत्तमनं माझ्या कानाला तोंड लावून अशी आरोळी ठोकली, की तालुक्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेली सगळी माणसं वळून बघायला लागली. बहिऱ्या आईला पढवायचं म्हणजे पंचाईतच असते. हळू सांगावं तर पोचत नाही, मोठ्यानं सांगावं तर गावभर दवंडी. पाटणे वकिलांनी त्याचा दंड धरून त्याला मागं ओढलं आणि स्वतःच्या तोंडावर बोट ठेवलं.

"काय म्हनलास?" मी विचारलं.

बिचाऱ्यानं पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा मोठ्यानं. "आन् त्या दुपारी उत्तम गिरणीत दळन दळत हुता म्हनायचं! समद्या गल्लीनं गिरणी ऐकलीया!"

एव्हाना समोरच्या बाकावरच्या पोलिसालाही माझी साक्ष पाठ झाली असेल. तो मिशीत हसत होता. मी मान हलवली. खरं सांगायचं तर पहिल्याच वेळी मला सगळं कळलं होतं. कान गेले तशी मी माणसांचे ओठ वाचायला शिकले, आणि पोटच्या पोराचे ओठ तर तो बोलायला लागायच्या आधीपासून वाचत आले होते. पण त्याला दोनदा ओरडायला लावलं, कारण तो आईला काय शिकवतोय ते चार माणसांनी ऐकलेलं मला हवं होतं.

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला माझी सून सारिका बसली होती. उजव्या मनगटाला अजून पट्टी होती. तिला चिकटून माझी नात गौरी, आणि पलीकडं सरकारी बाई, बनसोडे मॅडम. सारिकानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. सासू मुलाबरोबर आलीय, मुलाच्या वकिलाशेजारी बसलीय, म्हणजे ती कोणाच्या बाजूची हे वेगळं कशाला सांगायला पाहिजे? तिनं तोंड फिरवलं ते मला फार लागलं. पण तिथं काही बोलायची सोय नव्हती.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आमची पिठाची गिरणी गावातली पहिली. मी लग्न होऊन आले ती गिरणीच्या खोलीतच म्हणा ना. मालक बाजाराला गेले की मी दळायची, पोरं पाठीशी बांधून दळायची. गिरणीवाल्याचे कान शेवटी गिरणीच खाते. मालकांचे जरा उशिरा गेले, माझे लवकर गेले. जाताना त्यांनी घर आणि गिरणी माझ्या नावावर केली. "तुजं कान हिनंच खाल्लं, निदान ही तरी तुजी असू दे," म्हणाले होते. पुढं हा कागद इतका कामाला येईल हे त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं.

त्या वर्षी धाकट्या लेकीचं दुसरं बाळंतपण होतं. तिच्या सासरी करणारं कोणी नाही म्हणून मी तिकडं गेले आणि बरेच महिने अडकले. परत आले तर सारिका निम्मी झालेली. उन्हाळ्याचे दिवस, आणि ही कोपराच्याही खाली येणाऱ्या बाह्यांचा ब्लाऊज घालून भाकऱ्या थापतेय. गालावर डाग.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"पडले, आत्या," ती सावकाश म्हणाली, मला नीट वाचता यावं म्हणून.

मी ओठ वाचते, पण ओठच खोटं बोलायला लागले तर काय वाचणार? उत्तमला विचारलं तर तो म्हणाला, "खाली बघून चालतच न्हाई ती." पूर्वी तो असा नव्हता असं म्हणायचा मोह मला होतो. पण लहानपणीसुद्धा खेळात हरला की तो खेळणं फोडायचा. आम्ही म्हणायचो, पुरुषाचा राग आहे, लग्न झालं की निवळेल.

मग ती दुपार आली. दुपारी आमची गिरणी बंद असते. लोक सकाळी दळणाचे डबे ठेवून जातात आणि संध्याकाळी घेऊन जातात. मी जेवून मधल्या खोलीत जमिनीवर आडवी झाले होते. भिंतीपलीकडं गिरणी. डोळा लागतोय तोवर जमीन हालायला लागली.

ऐकू येत नाही म्हणजे काहीच कळत नाही असं लोकांना वाटतं. गिरणीत दळण असलं की जमीन दबकी हालते, बरं वाटतं, अंगाईसारखं. दगडांत दाणा नसला की तीच जमीन करकरते आणि ते थेट दातांत येतं. जात्याला घास दिला नाही तर ते स्वतःलाच खातं, असं माझी सासू म्हणायची. माझ्या दातांत करकर आली. मला वाटलं, दळण संपलंय आणि उत्तमला तिथंच डुलकी लागलीय. नुकतेच टाकी लावून खरबरीत करून घेतलेले दगड, त्यांचं वाटोळं होईल. मी उठले ती त्या दगडांसाठी उठले. मनात दुसरं काही नव्हतं.

गिरणीचं दार आतून लावलेलं होतं. मागच्या बाजूनं कोंड्याच्या खोलीतून एक वाट आहे, तिथनं मी आत गेले. गिरणी मोकळी फिरत होती. दळणाचे डबे ओळीनं झाकण लावून ठेवलेले. आणि कोपऱ्यात उत्तमनं सारिकाचा हात पिरगाळून तिला भिंतीला दाबून धरलं होतं. दुसऱ्या हातात गिरणीचा जुना पट्टा होता. सारिकाचं तोंड उघडं होतं. एवढं उघडं तोंड मी बाळंतिणीचंच पाहिलंय.

मी जाऊन खटका ओढला.

मला काय, गिरणी चालू काय आणि बंद काय, सारखंच. पण त्या दोघांना एकदम सारिकाचा आवाज ऐकू आला असणार, कारण दोघंही दचकले. उत्तमनं हात सोडला. मग माझ्याकडं वळून तो म्हणाला, "आये, तू यात पडू नगंस. नवराबायकूचं हाय."

"गिरणी मोकळी का फिरवलीस?" मी विचारलं.

खरंच, तोंडातून पहिलं तेच आलं. त्याला वाटलं म्हातारीला दगडांचीच काळजी आहे. तो जरा हसलाही. "इसरलो," म्हणाला. तेव्हा मला सगळं समजलं. गौरी का गिरणी सुरू झाली की पाटीपुस्तक टाकून माझ्या मांडीत येऊन बसते, ते समजलं. शेजारणी का म्हणतात की तुमच्या उत्तमला दुपारचीही उसंत नाही, किती राबतो, तेही समजलं. माझ्या मालकांच्या गिरणीचं माझ्या पोरानं काय केलं होतं ते पाहून मला लाज वाटली. रागाच्या आधी लाजच वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यानं सारिकाला आणि गौरीला एस.टी.त बसवून तिच्या भावाकडं धाडलं. "चार दिस म्हायेरी गेलीया," असं गल्लीत सांगितलं, आणि मला सांगितलं की आता ती परत येणार नाही, घर आपलं आहे, आपण बघून घेऊ. मी म्हटलं, बरं. त्याच आठवड्यात मी तालुक्याला सरकारी दवाखान्यात कान दाखवायला गेले. डॉक्टर म्हणाले, आजी, गेलेले कान परत येत नाहीत. उत्तमनं मला परतीच्या गाडीवरून आणायला दुचाकी काढली होती. मुलगा म्हणून तो मला कधी काही कमी पडू देत नव्हता, हेही खरं आहे.

पुढं काही दिवसांनी कोर्टाची नोटीस आली. घरगुती हिंसाचाराचा कायदा, अर्जदार सारिका उत्तम शेडगे. उत्तमच्या अंगाचा तिळपापड झाला. "हिच्यात कोर्टात जायची धमक न्हाई. कुनीतरी कळ लावलीया. बाहेरच्यानं आधी सरकारला कळवलं आन् मग ती बनसोडीन तिच्या भावाच्या घरी जाऊन अर्ज लिवून घेऊन आली." त्यानं अंगणवाडीच्या बाईला भर चौकात शिव्या दिल्या. शेजारच्या घरच्यांशी बोलणं सोडलं. मी भाकरी थापत होते. बहिऱ्याला कोण काय विचारतो?

पाटणे वकील घरी येऊन गेले. त्यांनी उत्तमला पहिलाच प्रश्न केला, "घर कोणाच्या नावावर?" आईच्या, म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "मग काय? आईंनाच उभं करू. सासूचं घर आहे, सासूला सून नकोय, विषय संपला." मग माझ्याकडं वळून, तोंड मोठं करून म्हणाले, "आजी, सांभाळून बरं का. ही बाई उद्या पोलिसांत गेली तर चारशे अठ्ठ्याण्णव-अ लावेल. त्यात सासूचंही नाव घालतात. तुरुंगात जायचं वय आहे का तुमचं?"

मी डोळ्याला पदर लावला. वकिलांना वाटलं म्हातारी घाबरली.

तर असे आम्ही त्या दिवशी कोर्टात आलो होतो. पुकारा झाला. आत न्यायाधीश तरुण होते, डोळ्याखाली काळं, रात्री जागणाऱ्या लेकराचे बाप असावेत. सारिकाच्या बाजूनं सरकारनं दिलेल्या वकीलबाई बोलल्या. मग पाटणे उठले. घर सासूचं आहे, सासू वृद्ध आहे, सुनेचा त्या घरावर हक्क नाही, मारहाण झालीच नाही, त्या वेळी पती दळण दळत होता, शेजाऱ्यांनी गिरणी ऐकली आहे. तक्रार कोणा हितशत्रूनं केली आहे, आणि तो नाव सांगायला पुढं येत नाही.

साहेब म्हणाले, "सासूबाईंनाच विचारू." त्यांनी मला जवळ बोलावलं आणि तोंड समोर करून सावकाश बोलले. त्यांना कोणी सांगितलं होतं की काय देव जाणे.

"घर तुमचं आहे?"

"व्हय. घर माझं, गिरणीबी माझी."

पाटणे खाली बघून समाधानानं कागद सारखे करायला लागले. उत्तमनं मला मान हलवून शाबासकी दिली.

"मग घरात कोन ऱ्हावं ते मी ठरवायचं का, सायेब?" मी विचारलं.

"तुमचं म्हणणं सांगा."

"मग सून ऱ्हाईल. नात ऱ्हाईल. ह्येला घालवा."

मी बोट केलं ते नेमकं उत्तमच्या छातीकडं. कोर्टात काय आवाज झाला मला माहीत नाही, पण सगळ्यांची तोंडं हाललेली मी पाहिली. पाटणे उभे राहिले. "साहेब, आजी बहिऱ्या आहेत. त्यांना प्रश्न समजलेला नाही."

"समजलाय," मी म्हटलं. माझा आवाज नेहमीच मोठा, त्या दिवशी जरा जास्तच मोठा झाला असेल. "त्या दुपारी गिरणी चालत हुती, सायेब. पर दळत नव्हती. मोकळी हुती. जमीन हालली म्हनून मी आत गेले. डोळ्यांनी बघितलंय मी. हात पिरगाळला हुता आन् पट्टा घेतला हुता. गल्लीनं गिरणी ऐकावी, हिला ऐकू नये, म्हनून चालवतोय त्यो. आन् वकीलसायेब म्हनत्यात कळवणारा म्होरं येत न्हाई. मी आलीया की. ती मीच."

आता बनसोडे मॅडमचं सांगायला हरकत नाही. कान दाखवून झाल्यावर मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसले होते. तिथल्या नर्सबाईंना विचारलं, बाईला नवरा मारत असेल तर कुठं जातात? त्यांनी मला हाताला धरून संरक्षण अधिकाऱ्यांच्या, म्हणजे अशा बायकांची दाद घेणाऱ्या सरकारी बाईंच्या खोलीत नेलं. मॅडम माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"आजी, मार खाणारीनंच यायला पाहिजे असं नाही. ज्याला माहीत आहे त्या कोणीही आम्हाला कळवलं तरी चालतं. चांगल्या मनानं कळवणाऱ्यावर खटला होत नाही."

"सासूनं कळवलं तरी?"

त्यांनी कागद पुढ्यात ओढला. "सासूनं कळवलेलं माझ्याकडं पहिलंच," म्हणाल्या.

मग त्यांनी मला सगळं समजावलं. एक वाट पोलिसांची. गुन्हा नोंदवायचा, नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. दुसरी वाट या कायद्याची. कोर्ट मारहाणीला मनाई करतं, पोटगी देतं, वकील फुकट मिळतो. दोन्ही वाटा एकदम धरता येतात, कोणती धरायची ते सुनेनं ठरवायचं. आता त्या पोलिसांच्या कलमाचे आकडे बदलले म्हणतात, गुन्हा तोच आहे. पण माझ्या मनात राहिलं ते शेवटचं. मॅडम म्हणाल्या, बाईलाच घर सोडून जावं लागतं असं काही नाही. कोर्ट नवऱ्यालाही सांगू शकतं, तू बाहेर राहा.

माझं सगळं आयुष्य गेलं, मी कुठल्याही गावात नवऱ्याला घराबाहेर काढलेलं पाहिलं नव्हतं. मार खाते ती माहेरी जाते, भावजयीच्या डोळ्यांत खुपते, चार जाणते मध्ये पडतात, ओटी भरून पुन्हा त्याच घरात आणून सोडतात. मला वाटत होतं हाच कायदा.

"तुमचं नाव सांगू का?" मॅडमनी विचारलं होतं.

"आत्ता नगा," मी म्हटलं होतं. "मी त्याच घरात ऱ्हाते. आन् त्यानं मला सोताच्या बाजूनं उभं केलं तर बरं. वेळ आली की माझं नाव मीच सांगीन."

साहेबांनी बनसोडे मॅडमकडं पाहिलं. त्या उठून म्हणाल्या, "होय साहेब, माहिती यांनीच दिली आहे." सारिका खुर्चीवरून उठली होती. पट्टीचा हात तोंडावर होता. आता तिनं तोंड फिरवलं नाही. ती काहीतरी म्हणत होती, पण तिचे ओठ इतके थरथरत होते की मला वाचताच येईनात.

हुकूम त्याच दिवशी झाला. पुढची तारीख होईपर्यंत सारिका आणि गौरीनं घरात राहायचं, उत्तमनं घराला आणि गिरणीला पाय लावायचा नाही, ठाण्याच्या पोलिसांनी दोघींना घरी पोचवायचं. पट्ट्याच्या माराबद्दल पोलिसांत जायचं का, ते साहेबांनी सारिकावर सोडलं. ती गेली, पण पुढच्या महिन्यात, तिच्या मनानं.

बाहेर व्हरांड्यात उत्तम माझ्यासमोर येऊन उभा राहिला. सकाळपासून ओरडत होता तो आता ओरडला नाही. फक्त ओठ हालवले.

"आये, मी तुझा पोरगा न्हवं का?"

"व्हय," मी म्हटलं. "म्हनूनच आले."

माझं ते सगळ्या व्हरांड्यानं ऐकलं. त्याचं मी एकटीनं. परत येताना पोलिसांच्या गाडीत गौरी माझ्या मांडीवर झोपली, आणि मी घर येईपर्यंत रडत होते. माझं पोर मी घराबाहेर काढलं होतं. बरोबर केलं हे मला तेव्हाही माहीत होतं, म्हणून काही रडू थांबत नाही.

हुकूम नंतर कायम झाला. उत्तम एकदा दारू पिऊन दार वाजवायला आला होता. सारिकानं फोन लावला. हुकूम मोडणं हाच वेगळा गुन्हा असतो, ते त्याला ठाण्यात रात्र काढून समजलं. आता तो इचलकरंजीला टेम्पो चालवतो. दिवाळीला मी एस.टी.च्या ड्रायव्हरबरोबर त्याला चकल्या धाडते. डबा मोकळा होऊन परत येतो, निरोप येत नाही.

गिरणी सारिका चालवते. शेवटचा दाणा खाली गेला की तिचा हात खटक्यावर असतो. मी दाराशी भिंतीला पाठ लावून बसते, कोणाचं दळण किती बारीक ते पाठीनं सांगते, आणि डबे घेऊन येणाऱ्या बायकांचे ओठ वाचते.

परवा वरच्या आळीतली नवी सून दळण घेऊन आली. ऊन मी म्हणत होतं, आणि तिच्या बाह्या पार मनगटापर्यंत. डबा उचलताना तिनं ओठ चावला. सारिकानं माझ्याकडं पाहिलं.

"काय झालं गं पोरी?" मी विचारलं.

"काही न्हाई, आज्जी. पडले."

मी तिच्या हातातला डबा खाली ठेवला.

"उद्या मोकळी हायस का?" मी म्हटलं. "माझ्यासंगं तालुक्याला चल. मला कान दाखवायचेत."